डिंगी सरळ होते आणि लगेच दुसऱ्या बाजूला उलटते, काय करावं?

शीडमोकळं
नमस्कार मंडळी. एकट्याने चालवायची छोटी डिंगी (शिडाची होडी) शिकतोय, लेझरच्या जातीची. शीड एकच, डॅगरबोर्ड (बुडाखाली पाण्यात उभी राहणारी फळी) वरून खाली सरकवायचा, आत आलेलं पाणी चालता चालता निघून जातं. उलटण्याची भीती आता राहिलेली नाही. पोहत बुडाच्या बाजूला जायचं, डॅगरबोर्डवर चढायचं, काठ धरून मागे रेलायचं, इथपर्यंत सगळं जमतं. बोट वरही येते. पण शीड पाण्यातून सुटलं रे सुटलं की ती झपकन उभी राहते आणि थेट माझ्या डोक्यावरून पलीकडे आडवी होते. मी परत पाण्यात, परत प्रदक्षिणा. वारा कमी असला तर असं होत नाही, वाढला की हमखास. लागोपाठ असं झालं की दंडातली ताकदच संपते. जाणकारांनी सांगा, काय करू?

खारा_वारा
आधी एक सांगा. बोट आडवी पडलेली असताना डोलकाठीचं टोक कुठे होतं? वारा येतोय तिकडे, की वारा जातोय तिकडे?

शीडमोकळं
बहुतेक वारा येतोय तिकडे. वारा पाठीवर घेऊन चाललो होतो, शीड पूर्ण बाहेर सोडलेलं. बोट झोके घ्यायला लागली आणि मी बसलो होतो त्याच बाजूला कलंडली.

खारा_वारा
मग तुमच्या ताकदीचा काही दोष नाही. काठी वाऱ्याकडे असताना बोट उचलली की शीड पाण्यातून सुटताक्षणी वारा त्याच्या खाली शिरतो. त्या क्षणी तुम्ही आणि वारा दोघंही बोटीला एकाच दिशेला फिरवत असता. तुम्ही उभे वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा जातोय त्या बाजूला, त्यामुळे ती पडणार तुमच्याच अंगावर. वारा दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. १० नॉटला जे जेमतेम जमतं ते २० नॉटला का जमत नाही, ते यातच आलं.

आणखी एक गंमत आहे जी पुष्कळांना सांगितली जात नाही. आडवी पडलेली बोट स्वस्थ पडून राहत नाही. पाण्यातलं शीड जागेवर अडून राहतं आणि पाण्याबाहेर भिंतीसारखं उभं राहिलेलं बूड वारा ढकलत नेतो. म्हणजे उलटताना काठी अगदी वाऱ्याआड पडली असली, तरी तुम्ही वळसा घालून दम खाईपर्यंत बोट फिरते आणि टोक वाऱ्याकडे येतं. म्हणून 'मी तर नेहमीच्या बाजूलाच पडलो होतो' हे धरून चालू नये. डॅगरबोर्डला हात लावला की आधी वारा गालावर कुठून लागतोय ते बघायचं.

उपाय दोन-तीन आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे पोहत बोटीच्या नाकाशी जाऊन ते धरून नुसतं लटकायचं. तुमचं शरीर पाण्यात नांगरासारखं अडतं, बाकीची बोट वाऱ्याबरोबर मागे सरकते आणि नाक हळूहळू वाऱ्याकडे वळतं. मग मागे येऊन उचला. दुसरा उपाय डॅगरबोर्डवर उभं राहूनच करायचा: बोट पूर्ण उचलायची नाही, काठीचं टोक पाण्याच्या जरासं वर येईल इतकीच उचलायची आणि तिथे थांबायचं. वारा शिडाला धरून बोट फिरवतो. नाक वाऱ्याकडे आलं की पुढचं वजन टाकायचं. याला धीर लागतो, कारण बोट वर यायला लागली की हात आपोआप ओढत राहतात.

टिलरधारी
खारा_वारा यांना +१. पण त्याच्याही आधीची गोष्ट राहिली. मेनशीट (शीड ओढायचा-सोडायचा मुख्य दोर) सुटी होती का? आणि व्हँग (बूम खाली ओढून धरणारा दोर)?

मेनशीट क्लीटच्या (दोर पकडून ठेवणाऱ्या चिमट्याच्या) दातांत अडकलेली राहिली तर बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, बाहेर जाऊच शकत नाही, शीड ताणलेलंच राहतं आणि सरळ झालेली बोट एक तर पळत सुटते नाहीतर परत पडते. तीच गोष्ट व्हँगची. तो करकचून आवळलेला असेल तर बूम वर उचलली जात नाही, शिडाचा मागचा काठ घट्ट राहतो आणि त्यातून ना वारा सुटत ना पाणी. आडवी पडल्यावर बुडाकडे जायच्या आधी दोन्ही मोकळे करायचे. मेनशीटचा दोर हातभर ओढून, तो पुलीतून सळसळत जातोय हे डोळ्यांनी बघायचं. 'मी सोडला होता' यावर विश्वास ठेवू नये. पडताना माणूस दोरालाच लोंबकळतो आणि तो जास्तच घट्ट बसतो.

शीडमोकळं
मेनशीट सुटी होती, व्हँगचं मात्र डोक्यातच आलं नाही. वारा वाढल्यावर मीच तो आवळला होता.

पण नाकाशी जाऊन लटकायचं, मग मागे यायचं, एवढ्यात बोट पूर्ण पालथी झाली तर? आगीतून फुफाट्यात.

पालथा_घडा
नावाप्रमाणे या विषयात माझा अधिकार आहे असं समजा. 😀

मला हे सगळं वाऱ्याचं गणित पाण्यात सुचत नाही, खरं सांगतो. मी सरळ डॅगरबोर्डवर उडी मारतो आणि जीव खाऊन ओढतो. वजनदार असण्याचा एवढा तरी फायदा असावा.

ओहोटी
घडेराव, तुमचं चालतं कारण तुमचं वजन चालतं. मी लहान चणीची, माझ्यासारखे बरेच जण हा धागा वाचत असतील, म्हणून सविस्तर लिहिते.

बोट उठते ती वजन गुणिले अंतर या हिशोबाने. ६० किलोचा माणूस बुडापासून ३० सें.मी.वर उभा राहिला तर ६० × ०.३ = १८. माझ्यासारखी ४५ किलोची बाई ८० सें.मी.वर, म्हणजे बोर्डच्या टोकाशी उभी राहिली तर ३६. दुप्पट! त्यात मागे रेलल्यावर शरीराचा भार आणखी बाहेर जातो तो वेगळा. म्हणून हलक्या माणसाने टोकाकडे सरकायचं, पाठ ताठ, हात सरळ. कोपर वाकवून दंडाने ओढू नये. दंड दोन मिनिटांत थकतात, वजन थकत नाही. अट एकच: बोर्ड जुना लाकडी असेल, चीर वगैरे दिसत असेल तर टोकाचा मोह टाळा, मोडला तर घरी कसं जाणार?

आणि हिसके देऊ नका. शिडावर पाण्याचा थर असतो, तो हिसक्याने हलत नाही. एकसारखं वजन टाकून थांबलं की आधी काहीच होत नाही, मग काठीचं टोक वीतभर वर येतं, शिडाच्या मागच्या काठावरून पाण्याचा पडदा ओघळायला लागतो, आणि बोट एकदम हलकी होते. तो पडदा दिसेपर्यंत फक्त वजन धरून ठेवायचं. तो दिसल्यावर उलट सावध व्हायचं, कारण आता ती झपकन येणार. मी तेव्हा गुडघे वाकवून बोर्डच्या बुडाशी येते, म्हणजे ती उभी राहतानाच काठावरून आत पाय टाकता येतो. पाण्यात पडून परत चढायचं कामच राहत नाही.

बोर्डवर चढताच येत नसेल तर काठावरून एक जाड दोर बुडाकडे टाकून घ्यायचा, गाठी मारलेला. गाठीला धरून चढता येतं आणि मागे रेलायला लांब पकडही मिळते.

पालथा_घडा
१८ विरुद्ध ३६ वाचून माझा अभिमान गळून पडला. पुढच्या वेळी टोकाशी उभा राहतो.

दीपगृह
पालथ्या बोटीचं विचारलंय म्हणून लिहितो. दोघांच्या बोटींवर बराच काळ काढलाय.

आधी पालथी होऊ न देणं. आडवी पडली की सर्वात मोठी चूक म्हणजे बूम, काठी किंवा वर आलेल्या काठाला लोंबकळणं. तुमच्या वजनाने ती अजून फिरते. पाण्यातच राहा, बोटीला फक्त हात लावून. काठीच्या टोकाला फुगीर तरंगता बांधलेला असेल किंवा काठी आतून हवाबंद असेल तर बराच वेळ मिळतो. काठीत पाणी शिरत असेल तर तो खांब पाण्याने भरतो आणि टोक खाली ओढतो. जुन्या बोटीची काठी आडवी धरून हलवून बघा, आत खळखळ ऐकू आली तर पहिलं ते दुरुस्त करा.

तरीही झालीच पालथी, तर घाबरू नका, ती बुडत नाही. वाऱ्याकडच्या काठावर उभं राहायचं, म्हणजे पालथ्या बोटीची जी कड पाण्यालगत असते तिच्यावर. डॅगरबोर्ड धरायचा आणि वाऱ्याकडेच मागे रेलायचं. असं केलं की काठी खालून वाऱ्याआड जाते आणि बोट आडवी होईल तेव्हा आपोआप बरोबर बाजूला असेल. बोटीच्या पोकळीत पाणी आणि हवा अशी बसलेली असते की सुरुवातीला ती चिकटल्यासारखी वाटते. मागच्या कोपऱ्यावर एकाने वजन टाकून तो खाली दाबला की ती पकड सुटते. हळूहळू येते, फार हळू. आडवी झाली की तिथे थांबा, दम घ्या, वारा बघा, मग पुढचं.

सरकत्या डॅगरबोर्डऐवजी फिरता सेंटरबोर्ड असेल तर पालथी झाल्यावर तो स्वतःच्या वजनाने खोबणीत परत पडतो आणि धरायला काही उरत नाही. त्याला इलॅस्टिक दोरीने खाली ताणून ठेवायची सोय असते, ती निघण्यापूर्वी तपासा. डॅगरबोर्डलाही दोरी हवीच, नाहीतर तो सुटून निघून जातो आणि तुम्ही गुळगुळीत बुडावर नखं ओढत बसता.

गाठीशास्त्री
दीपगृह, बोटीखाली अडकलो तर काय हेही लिहा ना. नवीन माणसाच्या मनात खरी भीती तीच असते.

दीपगृह
बरोबर. शीड अंगावर पडलं तर हाताने वर ढोसून आधी हवेची जागा करायची, मग शिवणीला हात लावत एकाच दिशेने जायचं. काठ येतोच. दिशा बदलत राहिलं की माणूस गोल फिरतो.

पालथ्या बोटीखाली आलात तर जुन्या उघड्या बोटींत हवेचा कप्पा मिळतो, आधुनिक दुहेरी तळाच्या बोटींत तो फारच कमी असतो. कप्पा मिळाला तरी तिथे बसून विचार करू नये. एक हात काठावर ठेवायचा, दोर पायाला गुंतलाय का ते चाचपायचं, श्वास घ्यायचा आणि काठाखालून बाहेर. ट्रॅपीझ (डोलकाठीवरून येणारी, अंगावरच्या हुकात अडकवायची तार) लावून बाहेर लटकणाऱ्यांसाठी हुक अडकणं हा खरा धोका आहे, म्हणून एका ओढीत सुटणारा हुक घ्यावा आणि बोथट टोकाचा, करवतीच्या धारेचा चाकू अंगावर, हाताला येईल असा ठेवावा. बोटीच्या पेटीत ठेवलेला चाकू त्या वेळी नसल्यासारखाच.

आणि दोघं असाल तर पडल्या पडल्या पहिलं काम एकमेकांना हाक. उत्तर आल्याशिवाय दोराबिराला हात लावायचा नाही.

भिजलेला_बोका
दोघांच्या बोटीत कोण काय करतं? आम्ही दोघंही बोर्डवर चढतो आणि बोट सरळ झाली की दोघंही बाहेर, ती मात्र आमच्याशिवाय निघून जाते. 🙈

टिलरधारी
बोकोबा, तिथेच चुकतंय. एक जण बाहेर, एक आत.

सुकाणूवाला मेनशीट हातात घेऊन मागच्या बाजूने वळसा घालतो. दोर हातात असल्यामुळे बोट त्याला सोडून जाऊ शकत नाही. दुसरा आतच, आडव्या बोटीच्या पोटाशी पाण्यात तरंगत पडून राहतो, पाय अडकवायचे पट्टे नुसते धरून. वजन टाकायचं नाही, नाहीतर बोट पालथी होते. तोच जिबची (पुढच्या छोट्या शिडाची) शीट, म्हणजे दोर, वरून पलीकडे टाकतो. सुकाणूवाला ती धरून बोर्डवर चढतो आणि रेलतो. बोट उठते तशी आतल्या माणसाला उचलूनच घेते. त्याचं वजन आत आल्यामुळे ती पलीकडे पडत नाही. मग तो जिबची शीट मोकळी सोडतो आणि बाहेरच्याला आत ओढतो.

आतल्याला काही दिसत नसतं. म्हणून बाहेरच्याने बोलत राहायचं: 'बोर्डवर आहे', 'उचलतोय', 'येतेय'. गप्प राहिलात तर आतला माणूस बिचारा उठून बसतो आणि नेमकी तेव्हाच बोट येते.

शीडमोकळं
हे सोन्यासारखं आहे, मित्राबरोबर दोघांच्या बोटीवर जातो तेव्हा लगेच करून बघतो. एक विषय बाजूला: मी आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट घ्यायचं म्हणतोय. पाण्यात पडलं की फुगतं, आणखी काय हवं?

ओहोटी
अजिबात नको, निदान डिंगीसाठी. पाण्यात पडणं हा डिंगीचा नित्यक्रम आहे, दरवेळी फुगणार का? फुगलेलं जॅकेट घालून डॅगरबोर्डवर चढता येत नाही, आणि बोटीखाली सापडलात तर ते तुम्हाला वर, तळाकडे दाबून धरतं. काठाखालून डुबकी मारणं अवघड होऊन बसतं. डिंगीसाठी फोमचं ५० न्यूटनचं (न्यूटन हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) बॉयन्सी एड, म्हणजे तरंगायला मदत करणारं जॅकेट. अंगाला घट्ट, बगलेत मोकळं.

गाठीशास्त्री
थोडी असहमती. ५० न्यूटनवालं तुम्हाला तरंगायला मदत करतं, पण बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवेलच असं नाही. बूमचा तडाखा डोक्याला बसू शकतो हे विसरू नका. पोहता न येणाऱ्याला किंवा लहान मुलाला मी १०० न्यूटनचं फोमचंच, कॉलरवालं देईन, मग हालचाल थोडी अडली तरी चालेल. फुगणाऱ्याबद्दल मात्र ओहोटी यांच्याशी पूर्ण सहमत.

ओहोटी
पोहता न येणाऱ्याबद्दल मान्य. पण मग सोबत बचावाची बोटही हवी, जॅकेटवर सगळं सोडू नये.

खारा_वारा
पाणी थंड असेल तर अजून एक हिशोब लक्षात ठेवावा लागतो. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी लोकप्रिय केलेला १-१०-१ हा ठोकताळा: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, साधारण १० मिनिटं हातापायांची कामाची हालचाल, आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास. पाणी हवेपेक्षा अंदाजे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. डिंगीवाल्यासाठी महत्त्वाचा आकडा मधला आहे. बोटं आखडली की क्लीटही सुटत नाही. म्हणून १५ अंशांखालच्या पाण्यात पहिल्या मिनिटात काही करायचं नाही, बोट धरून फक्त श्वास. आणि त्यानंतर वेळ दवडायचा नाही. वेटसूट हवाच.

दमलात, दोनदा-तीनदा जमलं नाही, तर थांबा. आडव्या किंवा पालथ्या बुडावर अंग पाण्याबाहेर काढून बसा. किनारा कितीही जवळ दिसो, पोहत निघू नका. बोट दुरून दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली, वर-खाली, हा जगभर मान्य असलेला मदतीचा इशारा आहे. नुसता हात हलवला तर समोरचाही हात हलवून हसून निघून जातो.

भिजलेला_बोका
हे शेवटचं घडलेलं दिसतंय कोणाबरोबर तरी. 😄

मुलांना ऑप्टिमिस्ट या लहान मुलांच्या डिंगीत घालतात, तिथे काय करायचं? ती तर पाण्याने भरूनच जाते.

टिलरधारी
हो, ती १९४७ ची क्लार्क मिल्स यांची रचना, अगदी साधी उघडी पेटी. वजन ३५ किलो, लांबी २.३६ मीटर. सरळ करणं सोपं, उपसणं खरं काम. आत हवेच्या तीन पिशव्या असतात म्हणून भरली तरी तरंगते. पिशव्या नीट फुगलेल्या आणि पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या हव्यात. सैल पिशवी पाण्यात वर उचलली जाते आणि पट्टा तुटला की निसटून जाते. उपसायचं भांडं दोरीने बांधलेलं. मुलांना सांगायचं की आत बसूनच उपसा, मधोमध, शीड फडफडू दे.

तळातला आपोआप पाणी काढणारा बेलर असलेल्या बोटीवाल्यांसाठी: तो बोट वेगात असतानाच ओढतो. उभ्या बोटीत उघडा ठेवलात तर उलट पाणी आत येतं.

पालथा_घडा
एक प्रश्न राहिला. बोट सरळ झाली, आपण बाहेर. आता आत कसं चढायचं? इथे मी खरोखर व्हेल माशासारखा लोंबकळतो.

ओहोटी
हाताने वर ओढून घ्यायचा प्रयत्न करू नका, पाय बोटीखाली सरकतात आणि अंग काटकोनात अडकतं. आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणा, आडवे व्हा, जोरात लाथा मारा आणि त्या झोतात छाती काठावर सरकवा. छाती आत गेली की बाकीचं पडून जाऊ द्या, दिसायला वाईट दिसतं पण चालतं. वाऱ्याकडच्या बाजूने चढा, तुमच्या वजनाने बोट परत वाऱ्याआड पडत नाही. तेही जमत नसेल तर दोराचा एक फासा आतल्या पट्ट्याला बांधून बाहेर सोडा, पाय ठेवायला.

आत गेल्यावर लगेच शीट ओढून निघू नका. शीड फडफडू द्या, बोट आडव्या वाऱ्यात शांत उभी राहते. दोर सोडवा, सुकाणू जागेवर आहे ना बघा, मग निघा.

शीडमोकळं
पुन्हा जाऊन आलो. नाकाशी लटकायचा उपाय एकदम चालला, बोट अशी काही सभ्यपणे उभी राहिली की मलाच खरं वाटेना. टोक थोडंसं उचलून थांबायचा उपाय अजून जमत नाही, हात थांबत नाहीत, आणि ती परत अंगावर आली.

खारा_वारा
अंगावर येतेय असं दिसलं की पळू नका. डॅगरबोर्डला हातापायांनी घट्ट मिठी मारा आणि तिच्याबरोबर खाली जा. तुमच्या वजनामुळे ती पालथी होत नाही, आणि तुम्ही वर याल ते वाऱ्याकडच्या बाजूला. म्हणजे काठी आता वाऱ्याआड आणि तुम्ही हवं तिथे. आधी हलक्या वाऱ्यात, कोणीतरी बघत असताना आणि खोल पाण्यात करून बघा. उथळ असेल तर काठीचं टोक गाळात रुततं आणि मग बोर्डवर उभं राहून ओढलंत तर काठी वाकते. तसं झालंच तर ओढू नका, बोट नाकाकडून हळू फिरवून टोक आल्या वाटेने बाहेर काढा.